पालवीचा पंधरवडा

सांगलीच्या बस स्थानकावर ऋता आवटीने आपल्या मुलीला लांबूनच ओळखलं, आणि तिला काहीच वाटलं नाही.

जतहून आलेली विजेवरची बस फलाटाला लागली. दारातून आधी ऋताची आई उतरली आणि तिच्यामागून पाठीवर फुगलेली सॅक घेतलेली ओजस्वी. घरात सगळे तिला ओजू म्हणत. दहा वर्षांची, महिनाभर आजोळच्या उन्हात रापलेली, हनुवटीवर टाक्यांची बारीक खूण. ती खूण कधी पडली, कुठल्या दवाखान्यात नेलं, डॉक्टर सुई घेऊन आले तेव्हा पोरीने कोणाचा पदर धरला होता, हे सगळं ऋताला नीट आठवत होतं. पण मैत्रिणीची मुलगी उतरवून घ्यायला यावं आणि ही तीच ना, अशी खात्री करून घ्यावी, तसं तिला झालं.

ओजू धावत येऊन तिच्या कमरेला बिलगली. ऋता मार्केट यार्डात हळदीच्या प्रयोगशाळेत काम करायची. नुसत्या वासावरून हळद कुठल्या भागातली ते सांगण्याइतकं तिचं नाक तयार होतं. मुलीच्या केसांना घामाचा आणि खोबरेल तेलाचा वास येत होता. तो परक्या घराचा वास होता. ऋताने नकळत श्वास रोखून धरला आणि हात मुलीच्या डोक्यावर ठेवला. आईच्या पाया पडतानाही आत तशीच शांतता होती. उन्हाचा त्रास असेल, असं तिने मनाला समजावलं.

खरा धक्का घरी बसला.

फुटाणा हा ओजूचा कुत्रा. कारवानी जातीचा, उंच पायांचा, काटक. आज्जीने जतच्या एका ओळखीच्या घरातून तो दिला होता आणि भाजलेल्या फुटाण्यासारखा रंग म्हणून ओजूने ते नाव ठेवलं होतं. वर्ष पुरं व्हायचं होतं त्याला. ओजू जतला जाईपर्यंत तो तिच्या पलंगाच्या पायथ्याशी झोपायचा. दार उघडताच ओजू गुडघ्यांवर बसली आणि तिने दोन्ही हात पसरले. फुटाणा जागच्या जागी ताठ झाला. पाठीवरचे केस उभे राहिले, ओठ वर सरकले, आणि आवाजसुद्धा न करता त्याने तिच्या मनगटाकडे झेप घेतली. दात ओझरते लागले. ऋताचा नवरा पुष्कर याने पट्टा धरून त्याला मागे खेचलं. आज्जीने ओजूला जवळ ओढलं.

आणि ऋता कुत्र्यापाशी जाऊन बसली. त्याची मान चोळत ती त्याला हलक्या आवाजात समजावत होती, काही नाही, काही नाही, पाहुणे आलेत. मान वर केली तेव्हा पुष्कर तिच्याकडे बघत होता. त्याचा चेहरा बघून तिला कळलं की आपण कुठे बसलो आहोत. ओजूच्या मनगटावर रक्ताचा एक थेंब आला होता. ती रडत नव्हती. तीही आईकडेच बघत होती.

हे असं का झालं ते समजायला महिनाभर मागे जावं लागेल.

फुटाणा तीन महिन्यांचा असताना फाटकाबाहेर भटक्या कुत्र्यांनी त्याला घेरून फाडलं होतं. जखमा भरल्या, पण तेव्हापासून दुसरं कुत्रं दिसलं की तो पिसाळल्यासारखा करी. एकदा त्याने शेजारच्या म्हाताऱ्या पामेरियनचा कान तोडला. त्या सुमारास शहरात नवा नियम आला होता. वस्तीत राहणाऱ्या प्रत्येक पाळीव कुत्र्याने वर्षाच्या आत इतर कुत्र्यांमधून शांतपणे चालून दाखवायचं. जमलं नाही तर त्याची रवानगी गावाबाहेरच्या निवाऱ्यात. तिथून कुत्री परत येत नसत.

प्राण्यांच्या डॉक्टर समीना मुजावर यांनी तेव्हा पालवीबद्दल सांगितलं. पिल्लू जन्मल्यावर काही आठवडे त्याच्या मेंदूत जणू एक खिडकी उघडी असते, असं त्या म्हणाल्या. त्या काळात जे प्राणी, जी माणसं त्याच्या वासाला आणि स्पर्शाला येतात, ती त्याला जन्मभर आपली वाटतात. मग मेंदूतल्या पेशींभोवती एक बारीक जाळी विणली जाते आणि खिडकी बंद होते. पुढे जे नवं भेटेल त्याची आधी भीती वाटते, ओळख नंतर होते. पालवीचं इंजेक्शन ती जाळी पंधरवडाभर सैल करतं. मोठं झालेलं कुत्रं तेवढ्यापुरतं पुन्हा पिल्लू होतं. त्या दिवसांत त्याला चांगल्या कुत्र्यांमध्ये ठेवायचं, म्हणजे कुत्री त्याला आपली वाटायला लागतात. मग जाळी पुन्हा विणली जाते आणि झालेला बदल पक्का होतो.

औषधाला परवानगी मिळालेली होती. मोठ्या शहरांत ते वर्षभर चाललं होतं. ऋताने होकार दिला. ओजूची सुट्टी सुरू झाली होती, तिला जतला धाडलं, आणि रोज सकाळी ऋता फुटाण्याला घेऊन डॉक्टरांच्या दवाखान्यामागच्या मैदानावर जाऊ लागली.

पाच कुत्री होती आणि पाच मालक. समोरासमोर आणायचं नाही, वळसा घालून बाजूने जाऊ द्यायचं, वास घेऊ द्यायचा, पट्टा सैल ठेवायचा, असं डॉक्टर शिकवत. पहिल्या दिवशी फुटाणा थरथरत ऋताच्या पायांत शिरला. तिसऱ्या दिवशी त्याने त्या पाचांतल्या मगदूम काकांच्या लठ्ठ ब्रूनोपुढे पुढचे पाय लांबवून, मागचा भाग वर करून खेळायचं बोलावणं केलं. ऋताला तेव्हा हसू आणि रडू एकदमच आलं. दातांचा जोर आवरायलाही शिकवायचं होतं. त्यासाठी आपला हात त्याच्या तोंडात द्यायचा, जोरात चावलं की हात ढिला सोडून कण्हायचं, हळू धरलं की शाबासकी द्यायची. आठवड्याभरात ऋताचे दोन्ही हात बारीक ओरखड्यांनी भरून गेले. पुष्करला कुत्र्याच्या लाळेची शिसारी होती, त्यामुळे तो लांबूनच कौतुक करायचा.

ते दिवस ऋताला विलक्षण सुखाचे गेले. सराव संपला की पाचही जण कडुनिंबाखाली चटईवर बसून चहा प्यायचे. एकाच घरात वाढलेली भावंडं असावीत तशी ती माणसं तिला वाटू लागली. बँकेतून निवृत्त झालेले मगदूम काका एक दिवस आले नाहीत तर तिचा घास घशाखाली उतरेना. घरी पुष्कर समोर आला की लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यासारखी ती मोहरून जायची. पुष्करलाही ते आवडलं होतं. ओजूचा रोज संध्याकाळी फोन यायचा. ऋता आधी अर्धा तास बोलायची, मग थोडं, मग पुष्करच्या हातात फोन देऊन पोळ्या लाटायला निघून जायची.

फुटाणा परीक्षेत उत्तीर्ण झाला. दहा कुत्र्यांच्या मधून सैल पट्ट्याने चालत गेला. ऋताने पेढे वाटले.

आता ओजू घरात होती आणि ऋता तिच्याशी नीट वागायचा प्रयत्न करत होती. डबा भरायची, वेण्या घालायची, रात्री पांघरूण सारखं करायची. हात सगळं बरोबर करत होते. पण मुलगी खोलीत आली की ऋताला सावरून बसावंसं वाटायचं. एकदा जेवताना तिने ओजूला विचारलं, तुला आणखी भात चालेल का? पुष्करने घास खाली ठेवला. ओजू म्हणाली, "आई, तू माझ्याशी असं का बोलतेस? मी काय केलंय?"

ऋता उठली. मोरीत जाऊन ती नळ सोडून उभी राहिली. रडू येईल असं तिला वाटलं होतं. तेही आलं नाही, आणि त्यानेच ती जास्त हादरली.

दुसऱ्या दिवशी ती डॉक्टर मुजावरांकडे गेली. फुटाणा ओजूला जवळ येऊ देत नाही, एवढंच तिने सांगितलं. त्याचं कारण डॉक्टरांना लगेच कळलं. पालवीच्या दिवसांत मुलगी घरात नव्हती. जे समोर असतात त्यांच्याशी गाठी बांधल्या जातात, पण जुन्या गाठीही त्याच जाळीत असतात, आणि जाळी सैल झाली की ज्यांचा वास, स्पर्श नाही त्यांच्या गाठी सुटतात. औषधाच्या कंपनीने चाचण्या केल्या त्या पिंजऱ्यातल्या कुत्र्यांवर. त्यांच्या आयुष्यात गैरहजर असायला कोणी नव्हतंच. त्यामुळे ही गोष्ट कोणाच्या ध्यानात आली नव्हती.

एवढं बोलून डॉक्टर थांबल्या. त्यांनी उठून दार लावून घेतलं.

"ऋताताई, त्या दिवसांत तुमच्या हातांवर ओरखडे होते ना?"

ऋताने मान हलवली.

"मगदूम काका गेल्या आठवड्यात आले होते. त्यांचा मुलगा पुण्याहून भेटायला आला आणि काका त्याला म्हणाले, बसा. अहो-जाहो केलं त्याला. मुलगा घाबरून त्यांना मेंदूच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. तिथे काही सापडलं नाही. मी त्यांचं रक्त तपासायला पाठवलं." डॉक्टरांचा आवाज उतरला. "त्यात पालवी आहे. लाळेतून येते ती. मला कोणी सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नाही. तुमचे हात कुत्र्यांच्या तोंडात द्यायला मीच सांगितलं होतं."

ऋता खुर्चीत बसून राहिली. भिंतीवर कुत्र्याच्या मेंदूचं रंगीत चित्र होतं, ती त्याकडे बघत होती. आपल्याला काय झालंय ते तिला कळलं होतं, पण कोणी दुसऱ्याच बाईची हकीकत सांगावी तसं ते तिच्यापर्यंत पोचत होतं. मग एकदम तिला बस स्थानक आठवलं, कमरेभोवतीचे ते दोन बारीक हात आठवले, आणि तिने आपले हात मांडीवरून उचलून उलटसुलट करून पाहिले. दहा वर्षांचं आईपण एका कुत्र्याच्या जिभेवाटे पुसलं गेलं होतं, आणि ते पुसलं जात असताना ती झाडाखाली बसून चहा पीत होती, आनंदात होती.

ती खिडकी परत उघडता येईल का, हे तिने विचारलं. येईल कदाचित, डॉक्टर म्हणाल्या, पण माणसासाठी किती मात्रा ते कोणालाच ठाऊक नाही. आणि दुसरीही एक गोष्ट होती. वर्गातल्या एका कुत्रीचं काय झालं ते ऋताने पाहिलंच होतं. औषधाच्या ऐन दिवसांत दवाखान्यापुढून लग्नाची वरात गेली, फटाक्यांची माळ लागली, तेव्हा तिची मालकीण तिला कवेत घेऊन बसली होती. ती कुत्री आता मालकिणीला बघूनच थरथरायची. खिडकी उघडी असते तेव्हा भीतीही आत येते आणि तीसुद्धा जन्माची राहते.

निघताना डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट सांगितली. काकांच्या मुलाने हे कुठेतरी बोललेलं दिसत होतं, कारण सकाळी त्यांना एका घरातून फोन आला होता. मुलाचं लग्न ठरलं होतं. नवी मुलगी माहेरी फार गुंतलेली आहे, लग्नानंतर पहिले पंधरा दिवस तिला हे औषध दुधातून दिलं तर चालेल का, असं सासूने विचारलं होतं. अगदी साध्या, काळजीच्या आवाजात विचारलं होतं.

पुष्करने सगळं ऐकलं. मग तो म्हणाला की आपण औषध मिळवू. गुहागरला एखादं घर घेऊ, तिघंच राहू, फुटाण्यालाही नेऊ. पंधरवड्याचा तर प्रश्न आहे. पोरीला तिची आई परत मिळेल.

ऋताने नको म्हटलं.

तेव्हा तो चिडला. तुला वाटतच नाही म्हणून तू नको म्हणतेस, असं तो बोलून गेला. आणि त्यात खोटं काही नव्हतं, म्हणून ते तिला फार लागलं. तिला ओजू हवीशी वाटत नव्हती. हवीशी वाटायला हवी, एवढंच डोक्याला कळत होतं. तरी ती म्हणाली, "मी रोज धास्तावून त्या पोरीकडे बघणार. ती रोज माझ्याकडे संशयाने बघणार. आणि तेच कायमचं झालं तर? आणि नाही झालं, सगळं नीट झालं, तरी ज्या सुनेला दुधातून औषध द्यायचं म्हणतात तिच्यात आणि माझ्यात फरक काय राहील? माझ्यावर तुझं प्रेम त्या दिवसांत वाढलं नव्हतं, पुष्कर. माझं वाढलं होतं, औषधाने. आणि तुला ते गोड लागलं."

तो उठून गच्चीत गेला. परत आला तेव्हा त्याने फक्त विचारलं, ओजूला काय सांगायचं?

खरं सांगायचं, असं ऋताने ठरवलं. पुष्करला ते पटलं नाही, पण त्याने अडवलं नाही. रविवारी सकाळी तिने मुलीला समोर बसवलं आणि खिडकी, जाळी, लाळ, सगळं सोप्या शब्दांत सांगितलं. ओजूने सगळं ऐकून घेतलं. संपल्यावर तिने विचारलं, माझा जन्म तुला आठवतो का? ऋताने तिला सगळं सांगितलं. वीज गेली होती, नर्सच्या हातात बॅटरी होती, आणि ओजूने पहिल्यांदा डोळे उघडले ते त्या उजेडाकडे.

"मग आठवतं तर वाटत का नाही?"

ऋता तिच्या हनुवटीवरची टाक्यांची खूण बघत होती.

"फुटाण्यालापण वाटत नाही," ओजू म्हणाली. "पण तो कुत्रा आहे."

ती उठून आपल्या खोलीत गेली आणि तिने दार लावून घेतलं. तिने आपल्याला मारलं असतं तर बरं झालं असतं, असं ऋताला वाटलं.

ऋताच्या आईला पुष्करनेच सांगितलं. म्हातारी दुसऱ्या दिवशी पिशवी भरून जतला निघाली. जाताना लेकीला म्हणाली, "माझ्याबद्दल वाटलं नाही तरी चालेल. तू पोरीचं बघ."

पुढच्या काही महिन्यांत पालवीची विक्री थांबली. देशभरातून अशा हकीकती पुढे आल्या. कोणी नवऱ्याला परकी झालेली, कोणी भावाला. कंपनी म्हणाली की संबंध सिद्ध झालेला नाही. उरलेलं औषध मात्र चोरून दामदुपटीने विकलं जात होतं, आणि घेणाऱ्यांपैकी फार थोड्या जणांच्या घरी कुत्रं होतं.

मगदूम काका मुलाकडे पुण्याला गेले. त्यांनी ऋताला फोन करून सांगितलं की मुलगा चांगला माणूस आहे, आपलं फार करतो, आपल्याला त्याच्याबद्दल आदर वाटू लागला आहे.

ओजू आईशी कामापुरतं बोलायची. तिने सगळं लक्ष कुत्र्याकडे वळवलं. आता औषध नव्हतं, साधी रीत होती. उकडलेल्या अंड्याचे तुकडे लांबून टाकायचे, त्याच्याकडे पाठ करून बसायचं, तो आला तर येऊ द्यायचं, नाही आला तर उठून जायचं. किती आठवडे तो दूरच राहिला. मग एकदा मागून येऊन त्याने तिच्या कोपराला नाक लावलं. ओजू हललीसुद्धा नाही. ऋता स्वयंपाकघरातून बघत होती. तिला त्या मुलीचं कौतुक वाटलं, पण परक्याच्या गुणी मुलीचं वाटावं तसं. ती स्वतःही रोज प्रयत्न करत होती. शाळेतून आणायची, गणितं सोडवायला बसायची, डोक्याला तेल लावायची. आत काही हलतंय का ते बघायची आणि ओशाळायची.

थंडी सुरू झाल्यावर डॉक्टर मुजावरांनी मैदानावरचा वर्ग पुन्हा उघडला, औषधाविना. ओजू फुटाण्याला घेऊन जाऊ लागली. ऋता कठड्यावर बसून राहायची. एका सकाळी एक नवं कुत्रं आलं, धिप्पाड, पहिल्यांदाच माणसांत आणलेलं. डॉक्टर त्याला लांबच ठेवा म्हणत होत्या, तेवढ्यात मालकाच्या हातातून पट्टा सुटला. ते सरळ फुटाण्यावर आलं. धुळीत दोन्ही कुत्री एकमेकांत गुंतली, आणि ऋताने बघितलं की ओजू वाकून, त्या जबड्यांच्या मध्ये, फुटाण्याच्या मानेला हात घालते आहे.

कठड्यावरून आपण कधी उठलो हे ऋताला नंतरही आठवलं नाही. तिने मुलीला दंडाला धरून असं हिसकलं की दोघी मातीत पडल्या. कोणीतरी पाण्याची बादली ओतली, कुत्री सुटी झाली. ऋता तोवर ओरडू लागली होती. अक्कल गहाण ठेवलीस का, हजार वेळा सांगितलं ना मध्ये हात घालायचा नाही, हात तुटला असता, मी काय केलं असतं, मूर्ख, गाढव, घरी चल तू. आवाज फाटला होता, थुंकी उडत होती. मैदानावरचे सगळे लोक बघत होते. तिचे हात मुलीच्या बोटांवरून, मनगटांवरून, कोपरांवरून फिरत होते, कुठे लागलंय ते शोधत होते, आणि थांबत नव्हते.

मग तिला स्वतःचाच आवाज ऐकू आला आणि ती दचकून गप्प झाली.

ओजू मातीत बसून तिच्याकडे बघत होती. गाल धुळीने माखले होते. जतहून परत आल्यापासून घरात तिला कोणी रागावलं नव्हतं. बाबा दया म्हणून नाही, आणि आई परकी म्हणून नाही.

"अजून ओरड ना," ती म्हणाली.

ऋताने तिचे दोन्ही हात पुन्हा आपल्या हातांत घेतले आणि ती एकेक बोट तपासू लागली.